मांजराची वार

मला मांजरांची किळस येते. 'येत होती' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. अजूनही येते. आधी सगळं अंग चाटायचं, नको तिथं जीभ घालायची आणि त्याच जिभेनं दुधाच्या पातेल्याची कड चाटायची, हा काय प्रकार आहे? वर केस. ते कुठं कुठं सापडतात हे सांगत बसले तर जेवण जाणार नाही कुणाला. आमच्या ह्यांचं केजच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान आहे. घरात भांड्यांना तोटा नाही, आणि त्यातलं एकही मी दुसऱ्यांदा धुतल्याशिवाय वापरत नाही. पाहुण्यानं तोंड लावलेला पेला उकळत्या पाण्यात टाकते. हे म्हणतात, "तुला देवानं माणसात कावून घातलं? फडताळात ठिवायची होती." म्हणू देत. अंघोळीच्या टॉवेलनं चपला पुसणाऱ्या माणसाचं मी मनावर घेत नाही.

तर ही मांजर मुळात शेजारच्या भाभींची. निदान भाभींना तसं वाटत होतं. त्यांच्या मालकांचा बसस्टँडसमोर फळांचा गाडा आहे, आणि त्यांच्या अंगणाची व आमच्या अंगणाची भिंत एकच. फळांची रिकामी प्लास्टिकची कॅरेटं त्या भिंतीशी रचलेली असतात. त्यातल्या एकात हे पिल्लू कुठून तरी येऊन बसलं आणि तिथंच वाढलं. रंग राखेचा, पोट पांढरं, एक कान फाटलेला आणि एका डोळ्यात कायम पिवळं चिपड. भाभींनी तिला दूध घातलं, भाकरी घातली, घरात मटण आणलं की तुकडे घातले. मांजर खायची, पण भाभी आत गेल्यावर. हात लावू द्यायची नाही. भाभी तिला शर्मीली म्हणायच्या, मी भेदरट म्हणायचे. आमचे हे सकाळी मोरीत उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं खाकरतात. त्या आवाजाला ती जी पळायची ती दुपारीच दिसायची. एवढ्या एका गोष्टीत तिचं-माझं पहिल्यापासून पटत होतं.

मी मागच्या उंबऱ्यावर बसून ज्वारी निवडत असायचे तेव्हा ती भिंतीवर बसायची. मी तिला कधी बोलावलं नाही, हुसकावलं मात्र पुष्कळदा. मग ती भिंतीवरून धुण्याच्या दगडावर आली, दगडावरून तुळशीच्या कट्ट्याशी आली. मी तिच्याकडे बघायचे नाही, कारण बघितलं की तो डोळा दिसायचा. भाभी भिंतीवरून हसायच्या.

"ताई, तुम बुलाते नई ना, इसके वास्ते आती."

"मग तुमी बी नका बुलावू. तुमच्याकडं येईल."

"मैं कैसे नई बुलाऊँ? मेरे से रहा नई जाता."

एकदा सकाळी दार उघडलं तर पायपुसण्यावर अर्धा उंदीर. पुढचा अर्धा. मी इतक्या जोरात ओरडले की हे तोंडात ब्रश घेऊन धावत आले आणि फेस माझ्या साडीवर सांडला. मी उंदीर चिमट्यानं उचलून टाकला, चिमटा फिनेलमध्ये बुडवला, पायपुसणं जाळलं आणि साडी बदलली. भाभींना सांगितलं तर म्हणतात कशा, "कमाई लाई तुमको. मेरे को एक दफा बी नई लाई." आणि खरंच त्यांना वाईट वाटलं होतं. दुसऱ्याच्या दारात अर्धा उंदीर पडला म्हणून हिरमुसलेली बाई मी तेवढी एकच बघितली.

तिचं-माझं जमलं ते त्या डोळ्यापायी. चिपड वाढत वाढत गालापर्यंत ओघळलं होतं आणि त्यावर माशी बसायची. मी ज्वारी निवडते आहे, समोर ती बसली आहे, आणि माशी त्या डोळ्यावर चालते आहे. किती दिवस सोसायचं माणसानं? मला दया वगैरे आली नव्हती. मला ते बघवेना. शेवटी पाणी उकळून गार केलं, कापसाचे बोळे केले, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं पळून जाईल, म्हणजे मी सुटले. ती पळाली नाही. अंग चोरून घेतलं, कान मागे पाडले, पण बसून राहिली. मी बोळ्यानं पुसलं. पहिल्या बोळ्याला जे लागून आलं ते आठवलं तर आजही घास फिरतो. तरी मी पुसत राहिले, कारण एकदा सुरू केलं की अर्धवट स्वच्छता मला चालत नाही. डोळा मोकळा झाला तेव्हा खालून हिरवा निघाला. ती माझ्याकडे बघत होती. मग तिनं कपाळ माझ्या पिशवी बांधलेल्या हातावर घासलं, एकदाच, आणि उडी मारून भिंतीपलीकडे गेली.

त्यानंतर रोज पुसून घ्यायला यायची. डोळा बरा झाल्यावरही यायची. काही दिवसांनी पिशव्या बांधायचा मला कंटाळा आला. माझ्याशिवाय कुणापाशी ती अजूनही जात नव्हती. भाभी दूध घालायच्या आणि ती दूध पिऊन मिशा चाटत माझ्याकडे यायची. "खाना मेरा, और प्यार ताई पे," भाभी म्हणायच्या. मी म्हणायचे, प्यार कसलं, डोळा पुसायला येते. पण एखाद्या दिवशी आली नाही की माझ्यावर निवडायच्या ज्वारीत हात घालून बसायची वेळ यायची, आणि ज्वारी काही निवडून व्हायची नाही.

आमच्या ह्यांना ती आवडत नव्हती. दुकानाचा जास्तीचा माल मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतो. तिथं ती दिसली की हे चप्पल भिरकावायचे. नेम कधी लागला नाही, एकदा मात्र नवी कळशी चेपली. चिडायला ह्यांना तसं कारणही होतं. रस्त्यावर काचेच्या दाराचं मोठं दुकान निघालं होतं, आणि लग्नात लोक आता भांडी देत नाहीत, पाकीट देतात. हे दिवसभर गल्ल्यावर बसून माश्या मारायचे आणि घरी येऊन न बोलता जेवायचे. मला त्यांची काळजी वाटत नव्हती असं नाही.

उन्हाळा लागता लागता माझ्या नणंदबाई नांदूरघाटहून जीपनं आल्या. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. आक्का माळकरी आहेत. फ्रीजमध्ये लसूण असला तर त्यातलं पाणी पीत नाहीत. जेवता जेवता त्यांची नजर मागच्या दारात गेली. मांजर उंबऱ्यापलीकडे आडवी पडली होती.

"अगं, ही गाभण हाय की."

"असंल," मी म्हणाले. "मी काय करू? डोहाळजेवण घालू?"

"येडी का खुळी तू? वार!"

हे ताटावरून उष्ट्या हातानं उठले. "वार? आक्का, घावंल का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पिल्लू झालं की त्याच्यामागून वार पडते, आणि मांजर ती लगेच खाऊन टाकते. तिनं खायच्या आत ती मिळवायची, हळदीकुंकवात वाळवायची आणि तिजोरीत ठेवायची. मग त्या घरातून लक्ष्मी हलत नाही, असं आमच्याकडे मानतात. शिकलेलेही मानतात. कुणाच्या कपाटात साड्यांखाली काय गुंडाळून ठेवलं आहे ते विचारू नये. मी एकदा एका घरी पाहिली होती. चांदीच्या डबीत, काळी, सुकलेली. त्या घरचा चहा मला गेला नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं त्याची मला शिसारी येते. जो माणूस काल चप्पल फेकत होता तो आज उकिडवा बसून "ये गं माझी माय, ये गं लक्षुमी" करू लागला. दुधाची वेगळी पिशवी येऊ लागली. शेडमध्ये माल बाजूला सारून जुनी गादी अंथरली आणि भिंतीला लक्ष्मीचा फोटो लावला. मांजर ह्यांचं दूध बघायची, ह्यांच्याकडे बघायची आणि निघून जायची. आक्का गावी गेल्याच नाहीत. बहीण-भाऊ रोज दहीभाताच्या ताटावर बसून वाटणी करायचे.

"अर्धी माझी. मी वळखली," आक्का म्हणायच्या.

"आक्का, मांजर आमच्या दारात हाय."

"मग दोन पिल्लं झाली तर एकाची मला दे. एकच झालं तर वार कापून घेऊ."

मी ताट बाजूला सारायचे. त्या आठवड्यात माझं वजन उतरलं असेल.

मग दोघांची नजर माझ्यावर आली. मांजर दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देणार नाही, म्हणजे वार काढायची ती मीच.

"मी हात लावणार न्हाई," मी सांगून टाकलं.

"डोळा पुसतीस की रोज!"

"तो डोळा हाय."

"अगं, संसारासाठी म्हणतोय मी," हे म्हणाले. "कदी काय मागितलं का तुला? येवढं बी करत न्हाईस?"

त्यांचा आवाज खरोखर उतरला होता. तेव्हा आक्कांनी तोंड उघडलं. त्यांच्या गावात म्हणे एकानं मांजर पोत्यात घालून फक्त मागची बाजू बाहेर ठेवली होती, चार पाय दोरीनं आवळून. "मांजर मेली," आक्का गळ्यातली माळ चाचपत म्हणाल्या, "पर वार घावली. हिनं न्हाई दिली तर पुढच्या खेपेला तसंच करू. आपल्याला काय मारायची न्हाई, नुसती बांधायची." हे नाही म्हणाले असते तर मी आयुष्यभर त्यांच्या टॉवेलबद्दल अवाक्षर काढलं नसतं. पण ते विचार करत होते, दोरी कुठं आहे याचा.

मी तशीच भिंतीशी गेले आणि भाभींना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "वो तो उसका हक है, ताई. खाती है तो ताकत आती. उसके मुँह का छीनेंगे क्या?" मांजरीनं ती खावी याचीही मला घाण वाटत होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तो दिवस आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. ऊन असं की पाय टेकवत नव्हता. मांजर जिना चढून वर आली. ती कधी गच्चीवर येत नसे. माझ्याकडे बघून ओरडली, वेगळ्याच आवाजात, दोन पायऱ्या उतरली, पुन्हा वळून ओरडली. मला कळलं. कुरडयांचा सोऱ्या तसाच टाकून मी तिच्या मागे गेले. म्हटलं शेडकडे जाईल. शेडकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. ती माझ्या खोलीत शिरली आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात, माझ्या खळ घालून इस्त्री केलेल्या सुती साड्यांवर जाऊन बसली. पांढऱ्या, फिक्या, जपून जपून नेसायच्या साड्या. मी हाय खाल्ली. आणि दाराला आतून कडी घातली.

आक्कांची झोप त्या कडीच्या आवाजानं मोडली. त्या दार वाजवू लागल्या तशी मांजर ताठ झाली, कान चिकटले, कळा थांबल्या.

"आक्का, आवाज केला तर ती आत धरून बसंल!" मी ओरडले. बाहेर एकदम शांतता. मग दाराच्या फटीतून आक्कांचा श्वास तेवढा ऐकू येऊ लागला. त्यांनी दुकानात फोन लावला असणार, कारण थोड्याच वेळात फटीतून दोघांचे श्वास येऊ लागले.

पुढचं मी सगळं लिहीत नाही. वास होता, पाणी होतं, आणि माझ्या मोतिया साडीचा बोळा झाला होता. प्रत्येक कळेला ती माझ्याकडे बघायची. पुढचा एक पाय तिनं माझ्या मनगटावर ठेवला होता, नख्या आत घेऊन. पहिलं पिल्लू आलं, पिशवीत गुंडाळलेलं. तिनं ती फाडली, पिल्लाला चाटलं, आणि मग वार पडली. काळपट लाल, लिबलिबीत, माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर.

"घे! आता घे!" दाराआडून आक्का कुजबुजल्या.

हात पुढं केला असता तर मिळाली असती. मांजरीनं मला अडवलं नसतं. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि मला नेमकं तेच सोसवेना. मी हात मागे घेतला. तिनं खाल्ली. खाताना जो आवाज होतो तो मी पहिल्यांदा ऐकला; मी पदर तोंडात कोंबला. तीन पिल्लं झाली आणि तिन्ही वेळा मी तसाच पदर कोंबून बसले. पण माझं मनगट मी तिच्या पायाखालून काढलं नाही.

"घेतलीस का?" हे म्हणाले. त्या आवाजात इतकी आशा होती की माझा राग अर्धा विरघळला. उरलेल्या अर्ध्यात मला दोरी आठवली. खाल्ली म्हणाले तर पुढच्या वेळी पोतं आणि दोरी.

"घेतली," मी म्हणाले. "ओली हाय. वाळंस्तोवर कुणी बघू नये, दृष्ट लागती."

हा नियम मी जागच्या जागी तयार केला होता. आक्का बाहेरून म्हणाल्या, "बरोबर हाय. तसंच असतंय."

आता दाखवायचं काय? भाभींकडे गाड्यावरची कुजलेली केळी पडलेली असतात. त्यातल्या एकाचं काळंकुट्ट पिचलेलं साल मी मागून घेतलं. त्यावर चिलटं घोंघावत होती. तुकडा फाडून, आतला गर खरवडून, हळद चोळून भाभींच्या गच्चीवर दगडाखाली वाळत घातलं. केजच्या उन्हात ते असं आक्रसलं की मला स्वतःलाच बघून शहारा आला. वर कुंकू लावलं आणि लाल फडक्यात गुंडाळून ह्यांच्या हातात दिलं.

ह्यांनी ते कपाळाला लावलं. आक्कांनी डोळे मिटून हुंगलं. "बघ, वास बी येत न्हाई. किती शुद्ध हाय!" त्यांना कापून अर्धं दिलं. ते त्यांनी पदराच्या गाठीत बांधून नेलं. आमचं अर्धं गल्ल्यात गेलं. रोज दुकान उघडलं की उदबत्ती. दर शुक्रवारी ते घरी यायचं आणि मी त्याला हळदकुंकू वाहायचे. सडक्या केळ्याच्या सालाला मी मनोभावे नमस्कार करते आहे आणि शेजारी नवरा हात जोडून उभा आहे, हे दृश्य आठवलं की मला हसू येत नाही. माझ्या घरात, माझ्या देवघरासमोर हे चाललं होतं.

मला वाटलं मांजर सुटली. पण तिच्याकडून घ्यायचं ते घेऊन झालं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दुधाची पिशवी बंद झाली. लक्ष्मीचा फोटो शेडमधून निघाला. पिल्लं चालू लागली आणि त्यांनी डिनरसेटच्या खोक्यात घाण केली. ते खोकं गिऱ्हाइकासमोर उघडलं गेलं. त्या दिवशी हे दुपारीच घरी आले, हातात पोतं घेऊन. आक्काही आल्या होत्या. दर महिन्याला आमच्या अर्ध्याचं दर्शन घ्यायला यायच्या.

"तलवाड्याला टेम्पो चाललाय माल घिऊन," हे म्हणाले. "पिल्लांसकट टाकून देतो. तिकडं रानात सोडतेत."

"कावून? काय केलं तिनं?"

"काम झालं का न्हाई? मग आता ही घाण कशाला संबाळायची?" त्यांनी पोतं माझ्यापुढं धरलं. "माझ्या हाताला येत न्हाई ती. तुझ्याच हाकेला येती. तूच घाल."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आयुष्यात मला पुष्कळ गोष्टींची घाण वाटली आहे. मोरीची, उष्ट्याची, उंदराची. माणसाची अशी घाण कधी वाटली नव्हती, आणि तीही ज्याच्याशेजारी झोपते त्याची. तिकडे मांजर भिंतीवर बसून माझ्या हाकेची वाट बघत होती, कारण तिची डोळा पुसायची वेळ झाली होती.

"गल्ल्यातली ती वार न्हाई," मी म्हणाले. "केळाचं साल हाय."

हे हसले. मग मी सगळं सांगितलं. साल कुणाचं, कुठं वाळवलं, हळद किती लावली. तिन्ही पिल्लांची वार तिनं माझ्यादेखत खाल्ली तेही सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरत गेला. आक्कांनी पदराची गाठ सोडून बघितली, नखानं खरवडली आणि म्हणाल्या, "तरीच वास येत नव्हता."

हे पोत्यावरच खाली बसले. मला वाटलं आता ओरडतील, भांडं फेकतील. दोन महिने उदबत्ती लावली होती त्या माणसानं. मी सगळ्याला तयार होते. पण त्यांनी मान वर करून मांजरीकडे बघितलं.

"म्हंजी," ते म्हणाले, "वार अजून व्हायचीच हाय."

"व्हायचीच हाय," आक्का म्हणाल्या. "आता हिच्यावर सोडायचं न्हाई. पुढच्या खेपेला बांधूनच घालू."

ह्यांनी पोतं झटकून घडी घातली. "दूध घातलं का तिला आज?"

मला उलटी झाली. खरोखरीची. मोरीत जाऊन झाली.

पिल्लांची सोय भाभींनी लावली. एक गिरणीत गेलं, एक किराणा दुकानात, एक त्यांच्या बहिणीकडे. मांजरीची सोय मला लावायची होती, आणि ती एकाच रीतीनं लागत होती. भाभींच्या मालकांची गाडी फळं भरायला बीडला जायची. मी ह्यांना माझे डोळे दाखवायला जाते म्हणून सांगितलं. भिंतीशी बसून मी तिला हाक मारली. ती आली, कपाळ पुढं केलं, डोळा मिटला. मी तिला उचलून कॅरेटमध्ये ठेवलं आणि वरून दुसरं कॅरेट उलटं घालून बांधलं. तिनं ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही. जाळीतून माझ्याकडे बघत राहिली, बीडपर्यंत. ज्याला मी नाही म्हणाले होते तेच मी केलं होतं, फक्त पोत्याच्या जागी कॅरेट. भाभी वाटभर म्हणत होत्या, "उसके भले के वास्ते है, ताई." मला पटत होतं, पण ते मांजरीला कोण सांगणार?

जनावरांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. आता तिला पिल्लं होणार नाहीत. काही दिवस भाभींनी तिला आत कोंडून ठेवलं. मी औषध घेऊन गेले की ती पलंगाखाली जाऊन तोंड भिंतीकडे करायची. बाहेर सोडली तरी भिंतीवर माझ्याकडे पाठ करून बसायची. मी ज्वारी घेऊन बसायचे, उकळून गार केलेलं पाणी शेजारी असायचं. ती वळायची नाही. मी स्वतःशी म्हणायचे, बरं झालं, एक घाण गेली. आणि तिथंच बसून रडायचे, नाक पदराला पुसायचे, आणि मग पदर धुवायचे.

हे मात्र खुशीत होते. रोज सकाळी वाटीत दूध घेऊन भिंतीशी उभे. "ये गं लक्षुमी." तिला काय करून आणलंय हे त्यांना ठाऊक नाही. अजूनही ठाऊक नाही.

त्या सकाळी असेच ते वाटी घेऊन उभे होते. पाऊस होऊन गेला होता, अंगणात चिखल होता, आणि मी उंबऱ्यावर. मांजर भिंतीवरून उतरली. ह्यांच्या वाटीला वळसा घालून, चिखलाच्या पायांनी सरळ माझ्याकडे आली. माझ्या धुतलेल्या पायांवर तिनं अंग टाकलं आणि उताणी झाली. पोटावरचे केस भादरलेले होते. मधोमध टाक्यांची रेघ, गुलाबी, खपली धरलेली. ते बघून मला शिसारी आली, आणि त्याच क्षणी हुंदकाही आला. माझ्या हातानं तिथं सुरी फिरवून आणली होती, आणि ती तेच पोट माझ्या हाताखाली उघडं टाकून पडली होती.

"हिचे पोटावरचे केस कावून गेलेत?" हे वाटी घेऊन जवळ सरकत म्हणाले.

"दिवस राह्यले की जातेत," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा फुलला. "बघ की हात लावून. काय हलतंय का?"

मी चिखलातल्या त्या पोटावर हात ठेवला. गरम होतं, वर-खाली होत होतं.

"हलतंय," मी म्हणाले.